सफुरा मुकादमने कॅमेरा निवडला

बोर्ली पंचतनपासून म्हसळ्यापर्यंत मुसलमानांच्या कुठल्याही घरात लग्नाचा अल्बम उघडला, की बायकांच्या बाजूचे फोटो सफुरा मुकादमचे असणार हे न विचारता सांगता येतं. पुरुषांच्या बाजूला कुणीही फोटोग्राफर चालायचा. पण जिथे बायका ओढण्या बाजूला टाकून, मेंदीचे हात गुडघ्यांवर ठेवून मोकळ्या बसतात, तिथे सव्वीस वर्षं फक्त सफुराच गेली. नवरा करमअली कुवेतला होता. पहिल्या सुट्टीत त्याने रोलचा एक कॅमेरा आणला, तो खरं तर स्वतःसाठी. त्याने काढलेल्या छत्तीस फोटोंत एकवीस जणांची डोकी कापलेली निघाली. सफुराने कॅमेरा काढून घेतला, तो कायमचाच.

मागच्या थंडीत, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तिचं उजवं मनगट सुजलं आणि उतरेना. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर काय उचलता?" तिने पिशवीतून कॅमेरा, फ्लॅश आणि मोठी लेन्स काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ते धूड उचलून पाहिलं, परत ठेवलं आणि म्हणाले, "हे आता दुसऱ्या कुणाला तरी द्या."

सफुराने दिलं. तिच्या बहिणीची मुलगी जवेरिया चार वर्षं तिच्याबरोबर लग्नं करत होती. हात तयार झाला होता, घरोघरी ओळख झाली होती. सगळं सामान आणि सगळी गिऱ्हाइकं तिच्या हवाली करून सफुरा मोकळी झाली. गावाला वाटलं, आता ही घरी बसून नातवंडांची वाट बघणार. सफुराच्या मनात निराळंच होतं.

त्याला कारण घडलं होतं तळा गावच्या एका लग्नात. नवरीची आजी कोठीच्या खोलीत अर्धवट उजेडात तांदूळ निवडत बसली होती. बोलत होती, हसत होती, मधूनच कुणाला तरी दटावत होती. सफुराने मोठा कॅमेरा डोळ्याला लावला मात्र, म्हातारी ताठ झाली. पदर कपाळापर्यंत ओढला आणि पासपोर्टला काढतात तसा चेहरा करून बसली. सफुराने कॅमेरा खाली ठेवला, गप्पा मारता मारता फोन काढला आणि टिपलं. म्हातारी हसतच राहिली. पण तो फोटो मोठा करून छापला तेव्हा हसू दिसलं, डोळे दिसले नाहीत. डोळ्यांच्या जागी नुसता राखाडी चिखल.

सफुराला त्या एका फोटोतून सगळं कळलं. माणूस बुजत नाही ते यंत्र लहान असलं की. पण यंत्राच्या पोटातला सेन्सर, म्हणजे ज्याच्यावर उजेड पडून चित्र उमटतं ती चकती, लहान असेल तर काळोख्या जागी काही हाती लागत नाही. पावसात अंगणात वाटी ठेवली तर किती भरणार, आणि परात ठेवली तर किती! फोनमधला सेन्सर हरभऱ्याच्या दाण्याएवढा. तिच्या मोठ्या कॅमेऱ्यातला काड्यापेटीएवढा. तिला हवा होता बाहेरून मुठीत मावणारा आणि आत निदान टपालाच्या तिकिटाएवढा सेन्सर असलेला कॅमेरा.

आणि तो कशासाठी हवा, हेही ठरलेलं होतं. या किनाऱ्यावर खाडी आडवी आली की माणसं होडीत बसतात. दिघीहून आगरदांड्याला फेरीबोट, बागमांडल्याला फेरीबोट, रेवसहून भाऊच्या धक्क्याला लाँच. मासळीच्या पाट्या, मोटारसायकली, परीक्षेला निघालेली मुलं, माहेरपणाला आलेल्या लेकी, सगळी त्या बाकांवर समोरासमोर येतात. आता पुलांची बोलणी होती, काही कामं सुरूही झाली होती. पूल झाले की माणसं गाड्यांच्या काचा लावून वरून निघून जातील. सफुराला त्याआधी प्रत्येक धक्क्यावरून प्रवास करायचा होता आणि समोरच्या बाकावरची माणसं टिपायची होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं.

मुलगा फैझान दोह्याला नोकरीला. त्याला फोनवर सांगितलं तर तो हसला.

"अम्मी, इतकी वर्षं काम केलंस तू. घ्यायचा तर सगळ्यात मोठा घे ना. छोटा कॅमेरा घेऊन लोक काय म्हणतील?"

"लोकांनी काही म्हणूच नये, म्हणून तर छोटा घ्यायचाय," सफुरा म्हणाली.

महिनाभर ती दुपारची नमाज झाली की पडवीत बसून कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघायची. हिंदी, इंग्रजी, काही मल्याळममधले. भाषा कळली नाही तरी बोलणाऱ्याची बोटं कळायची. कुठलं बटण शोधावं लागतंय, कुठलं आपोआप अंगठ्याखाली येतंय, ते ती बघत राही. शेवटी तीन कॅमेरे उरले, आणि ते हातात घेतल्याशिवाय पुढे काही ठरणार नव्हतं.

"मी येऊ बरोबर मुंबईला?" करमअलीने विचारलं. निवृत्त होऊन तो आता सुपारीची चार झाडं आणि रेडिओ सांभाळत असे.

"नको. तुम्ही दुकानात शिरलात की समोरची पहिली वस्तू घेऊन बाहेर पडता."

ती एकटी गेली. दिघीहून फेरीबोट, पुढे एसटी, अलिबागला बहिणीकडे मुक्काम, आणि सकाळी रेवसहून लाँच. मुंबईच्या त्या दुकानात कुशल नावाचा तरतरीत विक्रेता होता. बुरख्यातली बाई एकटी आलेली पाहून त्याने सरावाचं हसू आणलं.

"मुलासाठी बघताय का आंटी? हा घ्या. झूम जबरदस्त आहे, चंद्रावरचे खड्डे दिसतील."

"चंद्रावर माझं कुणी राहत नाही," सफुरा म्हणाली. "हे तीन दाखव." आणि तिने कागद पुढे केला.

कुशलने कागद वाचला आणि हसू आवरलं. त्याने तिन्ही कॅमेरे काचेवर ठेवले. पहिला लांब झूमचा, पण आतला सेन्सर करंगळीच्या नखाएवढाच. दुसरा देखणा. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यासारखा, वर चकत्या, डोळा लावून बघायला खिडकी, आत मोठा सेन्सर आणि एकच न बदलणारी लेन्स. तिसरा अगदीच साधा. काळा, चपटा, साबणाच्या वडीसारखा. झूम नाही, डोळा लावायची खिडकी नाही. लेन्स एकच, समोरचा जरा जास्त पसारा एका फोटोत घेणारी. सेन्सर मात्र दुसऱ्याएवढाच.

सफुराने पर्समधून स्वतःचं मेमरी कार्ड काढलं. "हे घालून मला जिन्याखाली जाऊ दे."

दुकानाच्या इमारतीच्या जिन्याखाली एक चावीवाला बसायचा. तिथे दुपारीही दिवा लागे. सफुरा त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "भाऊ, कॅमेरा घ्यायचाय. तुमच्यावर करून बघू?" तो म्हणाला, "बघा की. पण मी हात थांबवणार नाय, गिऱ्हाईक उभं हाय."

"थांबवूच नका."

तिने प्रत्येक कॅमेरा बंद करून पर्समध्ये टाकला, मग काढला, चालू केला आणि फोटो घेतला. मनात आकडे मोजत होती. पहिल्याची लेन्स बाहेर येईपर्यंत तीन झाले. दुसरा दोनात तयार. तिसरा एक म्हणेपर्यंत. मग प्रत्येक कॅमेरा डाव्या हातात धरून, मग छातीशी धरून, मग अंतर आधीच ठरवून ठेवून, म्हणजे कॅमेऱ्याने फोकस शोधत बसू नये म्हणून. कुशल जिन्यावर उभा राहून बघत होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही काय करता?"

आंटीची मॅडम झालेली सफुराच्या ध्यानात आली. "लग्नं," ती म्हणाली.

वर आल्यावर त्याने बिलाचं पुस्तक ओढलं. "कुठला देऊ? ऑफर आजच्यापुरती आहे."

"फोटो कागदावर बघितल्याशिवाय मी निवडत नाही. तुझा नंबर दे."

माणगावच्या ओळखीच्या लॅबमध्ये तिने तिन्ही कॅमेऱ्यांचा एकेक फोटो मोठ्या आकारात छापला आणि पाठीमागे फक्त एक, दोन, तीन असे आकडे टाकले. घरी आणून पडवीत चटईवर मांडले. तिची मैत्रीण क्षिप्रा दिवेआगरच्या शाळेत शिक्षिका होती. घरची नारळ-पोफळीची वाडी, स्वभाव परखड. तिला बोलावून घेतलं.

पहिला फोटो दोघींनी एकदमच बाजूला सारला. चावीवाल्याच्या कपाळावर उजेडाऐवजी रव्यासारखे दाणे दिसत होते. क्षिप्राने दुसरा उचलला. "हा. ह्यात प्रश्नच नाही. माणूस कसा उठून दिसतो बघ, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलंय." करमअलीनेही चष्मा सारखा करून त्याच्यावरच बोट ठेवलं.

सफुराने दुसरा आणि तिसरा फोटो शेजारी शेजारी ठेवून निरखले. मग म्हणाली, "मी तिसरा घेणार."

"अगं, का पण?"

"ह्यात बघ. माणूस आहे, त्याच्या मागे टांगलेल्या सगळ्या चाव्या आहेत, पलीकडे गिऱ्हाइकाचा हात घड्याळावर आहे. आणि तो बघतोय कुठे? माझ्या तोंडाकडे. दुसऱ्यात तो कॅमेऱ्याकडे बघतोय, कारण माझं तोंड कॅमेऱ्यामागे होतं." तिने पाऊल उचलून चटईवर अंतर दाखवलं. "फेरीबोटीत समोरचा बाक इथे असतो. मागे सरकायला जागा नाही. लेन्स आखडती असेल तर नुसते चेहरेच मिळतील. मला पाट्या हव्यात, पाय हवेत, मागचं पाणी हवं."

"पण डोळा लावायला खिडकी नाही म्हणतेस. भर उन्हात खाडीवर त्या पडद्यावर काही दिसेल तुला?"

प्रश्न खरा होता. सफुराने तो मान्य केला आणि दुसऱ्याच दिवशी फोनच्या पडद्यावर कागद चिकटवला. दोन दिवस ती बोर्लीच्या बाजारात फोन छातीशी धरून, पडद्यावर न बघता, विचारून विचारून फोटो काढत फिरली. पहिल्या सकाळी केळीवाल्याचे गुडघेच आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दहातले सात फोटो तिच्या मनात होते तसेच निघाले. सव्वीस वर्षांत डोळ्याला अंतरं पाठ झाली होती, आता हाताला झाली. खारा वारा आणि धूळ या कॅमेऱ्याला सोसत नाही हेही तिने वाचलं होतं. त्यावर उपाय म्हणून झिप लावायची पिशवी आणि मऊ रुमाल. बॅटरी दुपारपर्यंतच टिकते, म्हणून आणखी दोन बॅटऱ्या. तिने कुशलला फोन लावला.

"मॅडम, तो तर संपला. सगळ्यांना हल्ली तोच हवाय. दीड महिना तरी थांबावं लागेल. दुसरा देऊ का? तो आजच आहे."

"नको. थांबते."

ती थांबली होती तेवढ्यात दोह्याहून सुट्टीवर आलेला शेजारचा शारिक एक भलं मोठं खोकं घेऊन दारात उभा राहिला. फैझानने आईला न सांगता पाठवलेला कॅमेरा. सगळ्यात मोठा, दोन लेन्ससह. करमअलीने खोकं उघडलं आणि कौतुकाने दोन्ही लेन्स चटईवर मांडल्या. सफुराने कॅमेरा उचलला. सुंदर होता. मनगटातून कळ थेट कोपरापर्यंत गेली. तिने तो परत खोक्यात ठेवला आणि फैझानला फोन केला.

"बेटा, पोचला. फार भारी आहे. मी तो जवेरियाला देते."

मग तो म्हणाला, "मी तुझ्यासाठी घेतला होता, अम्मी. दुकानात तीन वेळा गेलो."

"माहीत आहे मला. पण तू विचारलं असतंस तर तीन खेपा वाचल्या असत्या. माझ्या हाताला हे पेलत नाही. पेललं असतं तरी मला नको होतं. जवेरियाचा जुना आता थकलाय, तिला ह्याचा उपयोग होईल. तुला वाईट वाटलं ना? वाटू दे. पण मी तुला बरं वाटावं म्हणून हा गळ्यात अडकवून फिरणार नाही."

फैझानने फोन ठेवला. चार दिवस त्याने फोन केला नाही. सफुराला ते चार दिवस जड गेले. पाचव्या दिवशी जवेरियाने नव्या कॅमेऱ्यातून काढलेला एका नवरीचा फोटो त्याला पाठवला, तेव्हा त्याने आईला एवढंच लिहिलं, 'चांगला आलाय.' सफुराने ओळखलं, पोरगा अजून रुसलेला आहे, पण दार किलकिलं झालंय.

सव्वा महिन्याने कुशलचा फोन आला. ती पुन्हा एकटी गेली, स्वतःच्या कमाईतून कॅमेरा घेतला आणि परतीच्या लाँचवर पहिला फोटो काढला. तो वाकडा आला. दुसरा सरळ आला.

खरी परीक्षा दिघीच्या फेरीबोटीवर होती. तिथे मनुबाई होती. मनुबाई कोळीण सुकी मासळी घेऊन आठवड्यातून तीनदा आगरदांड्याहून बोर्लीच्या बाजारात यायची. सफुराची जुनी ओळख, पण फोटोला हाडवैर. दोन वर्षांपूर्वी सफुराने मोठा कॅमेरा काढला तेव्हा तिने पाटीवरचं फडकं तोंडावर ओढून घेतलं होतं आणि म्हणाली होती, "त्या तोफेसमोर मना नाय बसायचा."

त्या सकाळी सफुरा तिच्यासमोर बसली. कॅमेरा तळहातात, छातीशी. सुकटीचा भाव विचारला, सुनेची चौकशी केली. मनुबाईची नजर तिच्या हातावर गेली.

"ती कसली डबी गं?"

"कॅमेरा आहे."

"ह्यो? माझी तंबाखूची डबी ह्याच्यापेक्षा मोठी हाय!"

"मग काढू तुझा फोटो?"

मनुबाईने क्षणभर विचार केला. "काढ. पण मी गप बसनार नाय, मना बोलायचा हाय."

"तू बोल."

मनुबाई बोलत राहिली. बोटीच्या खलाशाने दोरी फेकताना स्वतःचीच टोपी पाण्यात घालवली, त्यावरून तिने असा काही शेरा मारला की आसपासचे दहा-बाराजण खो खो हसले. सफुराने खाली न बघता बटण दाबलं. आवाज आला नाही. ती स्वतःही हसतच होती.

फोटो छापून आला तो क्षिप्राने पाहिला आणि चटईवर ठेवला. मग म्हणाली, "तुझं बरोबर होतं." मधोमध मनुबाई, तोंड उघडं, डोळे मिटलेले नाहीत तर लकाकणारे. तिची पाटी, फडक्याखालून डोकावणारे बोंबील, मागे खाडीचं हिरवट पाणी. आणि अगदी डाव्या कडेला, पाठ करून बसलेली आणखी एक कोळीण. तीही मान वळवून त्याच विनोदावर हसत होती. फोटो काढताना सफुराचं तिच्याकडे लक्षही नव्हतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी सफुराने फोटो मनुबाईच्या हातात दिला. मनुबाईने हात लुगड्याला पुसून तो धरला, लांब नेला, जवळ आणला. स्वतःवर खूश झाली. मग तिचं बोट डाव्या कडेला जाऊन थांबलं.

"ही कवा हसली?"

"कोण आहे ती?"

"सगुणा. माझी जाव." मनुबाईचा आवाज उतरला. "सव्वा वरीस झाला, बोलनं नाय आमचं. एकाच बोटीत येतो, पाठ करून बसतो. मना वाटायचं, मी बोलते तवा ही कान मिटून घेते." ती पुन्हा फोटोकडे बघत राहिली. एका गिऱ्हाइकाने बोंबलांचा भाव विचारला, तिला ऐकूच गेलं नाही.

सफुरानेच गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं.

मग मनुबाई म्हणाली, "आनखी एक काढून आन असाच. तिला दे. मी दिला म्हनून नको सांगू."

सफुराने दुसरी प्रत काढली आणि त्याच आठवड्यात बोटीवर सगुणाला दिली. सगुणाने फोटो पाहिला आणि सरळ विचारलं, "तिनं दिला?"

"तिने सांगू नको म्हटलंय," सफुरा म्हणाली.

सगुणाने फोटो पदराखाली ठेवला. त्या दिवशी ती उठून मनुबाईशेजारी जाऊन बसली वगैरे काही झालं नाही. ती आपल्या जागीच बसली. पण बोट धक्क्याला लागताना मनुबाईची पाटी डोक्यावर चढेना, तेव्हा दुसऱ्या बाजूने हात लावला तो सगुणाने. "जड भरतेस नेहमी," एवढंच म्हणाली. मनुबाईने उत्तर दिलं, ते वाऱ्यात सफुराला ऐकू आलं नाही. सफुराच्या हातात कॅमेरा होता, चालू होता. तिने तो फोटो काढला नाही. का नाही काढला, हे तिने नंतर जवेरियालाही सांगितलं नाही.

मनुबाईचा आधीचा फोटो तिने फैझानला पाठवला. पंधरा मिनिटांत फोन.

"अम्मी, हा त्या छोट्या कॅमेऱ्याने काढला?"

"मी काढला," सफुरा म्हणाली.

तो हसला, अगदी लहानपणी हसायचा तसा. मग त्याने तिला मनुबाईबद्दल विचारलं, खलाशाच्या टोपीबद्दल विचारलं, शेरा काय होता ते विचारलं. सफुराने शेरा सांगितला. करमअली आत चहा गाळत होता, त्याला तो ऐकू गेला आणि गाळणी ओट्यावर पडली.

आतापर्यंत तिचे तीन धक्के झाले आहेत. कॅमेऱ्याच्या आत सेन्सरवर धुळीचा एक बारीक कण जाऊन बसलाय. आकाशाच्या फोटोत तो ठिपका दिसतो, म्हणून ती आकाशाचे फोटो काढत नाही. तसेही तिला ते काढायचे नव्हते. ज्यांचे फोटो निघतात, त्यांच्या प्रती ती पुढच्या खेपेला घेऊन जाते आणि बोटीवर वाटते. हल्ली आगरदांड्याच्या धक्क्यावर माणसं तिलाच विचारतात, "आमचा आला का?" येत्या सोमवारी ती बागमांडल्याला निघाली आहे. क्षिप्राला शाळेला सुट्टी आहे, तीही येणार म्हणते. सफुराने तिला एकच अट घातली आहे, बोटीत बसल्यावर आपल्याशी बोलायचं, कॅमेऱ्याशी नाही.